शार्त्रच्या खिडक्यांतले पाववाले

शार्त्र या गावाचे दोन थर आहेत. वर टेकडीवर कॅथीड्रल, त्याच्या आजूबाजूला बिशपचा वाडा आणि धर्मगुरूंची जुनी घरं. खाली अर नदीच्या काठाने एकेकाळी कातडी कमावणारे, लोकर धुणारे, रंगारी आणि विणकर यांची वस्ती होती. या दोन थरांना जोडणाऱ्या चढाच्या अरुंद गल्ल्या आणि दगडी पायऱ्या आजही वापरात आहेत. पॅरिसच्या नैऋत्येला साधारण 90 किलोमीटरवर असलेल्या या गावात उतरलेला प्रवासी बहुधा स्टेशनावरून थेट वर जातो, काचचित्रं डोळे भरून पाहतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. त्या काचा तशाच आहेत, जीव गुंतवणाऱ्या. पण खालची पेठ लक्षात घेतल्याशिवाय वरची इमारत अर्धीच कळते, असं मला ठामपणे वाटतं. आणि ती पेठ शोधायला नदीकाठी जायलाच हवं असंही नाही. ती कॅथीड्रलच्या आत, खिडक्यांच्या पायथ्याशी आहे.

तिथल्या अनेक काचचित्रांची रचना अशी की वर संतांची चरित्रं, बायबलमधल्या कथा. आणि सर्वांत खालच्या चौकटींत कामात गढलेली साधी माणसं. नोआच्या नौकेची कथा सांगणाऱ्या खिडकीखाली सुतार आणि चाकं घडवणारे कारागीर आहेत. सम्राट शार्लमेनच्या खिडकीखाली फरचा व्यापारी गिऱ्हाइकासमोर झगा धरून उभा आहे. योसेफच्या कथेखाली सराफ नाणी तोलताहेत, दयाळू शोमरोनी माणसाच्या दृष्टान्ताखाली चांभार बसले आहेत, आणखी एका ठिकाणी पाथरवट पुतळे कोरताहेत. मुख्य वेदीच्या मागे, मधोमध, सगळ्या इमारतीत मानाची म्हणावी अशी एक उंच खिडकी आहे. तिच्यात वर मांडीवर बाळ घेतलेली मेरी आणि खाली पावांनी भरलेली मोठी टोपली वाहून नेणारे पाववाले. व्यवसायांची अशी दृश्यं असलेल्या खिडक्या चाळीसच्या आसपास आहेत. तेराव्या शतकातला कष्टकरी माणूस काम करताना कसा दिसत होता, त्याची हत्यारं कशी होती, हे इतक्या तपशिलाने दाखवणाऱ्या जागा युरोपात थोड्याच. ही माणसं तिथवर कशी पोचली, हा प्रश्न मला शार्त्रच्या इतिहासातला सर्वांत रंजक प्रश्न वाटतो. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

रोमन येण्याआधी हा मुलूख कार्न्यूत नावाच्या गॉल टोळीचा होता. ‘शार्त्र’ हे नाव त्यांच्यावरूनच आलं. गॉल प्रदेशातले ड्रुइड पुरोहित दरवर्षी कार्न्यूतांच्या मुलखात एका पवित्र जागी जमतात, असं सीझरने लिहून ठेवलं आहे. ती जागा म्हणजे शार्त्रचीच टेकडी, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुरावा मात्र कुणी दाखवलेला नाही. कॅथीड्रलच्या तळघरात 30 मीटरहून खोल अशी एक प्राचीन विहीर आहे, तिच्याभोवतीही अशाच आख्यायिका गुंफलेल्या आहेत. रोमन काळात गावाला ओत्रिकुम म्हणत. पुढे ख्रिस्ती धर्म आला, बिशप आले. 858 साली व्हायकिंग लुटारूंनी गाव जाळलं.

गावाचं नशीब पालटलं ते एका कापडामुळे. 876 साली राजा शार्ल द शोव्ह याने शार्त्रच्या चर्चला एक वस्त्र भेट दिलं. येशूच्या जन्माच्या वेळी मेरीच्या अंगावर असलेलं हे वस्त्र, अशी श्रद्धा होती. सोन्याच्या पेटीत बंद असलेलं हे वस्त्र शतकानुशतकं कुणी उघडून पाहिलं नाही. लोक त्याला मेरीचा सदरा समजत, म्हणून यात्रेकरूंना विकली जाणारी खुणेची पदकंही सदऱ्याच्या आकाराची असत. 1712 साली पेटी उघडली तेव्हा आत सदरा नव्हता, रेशमाचं लांब सलग कापड होतं. तोवर त्या कापडाने आपलं काम केलेलं होतं. 911 साली व्हायकिंग सरदार रोलो याने शार्त्रला वेढा घातला, तेव्हा बिशपने ते तटावर नेऊन दाखवलं आणि शत्रू हटला, अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्या वेढ्यात रोलो हरला हा इतिहास आहे. त्यानंतर फ्रान्सच्या राजाशी त्याचा तह झाला आणि त्या तहातून पुढचं नॉर्मंडी उभं राहिलं.

वस्त्रापाठोपाठ यात्रेकरू आले, आणि यात्रेकरूंपाठोपाठ पैसा. पण शार्त्रचं नाव नुसतं यात्रेसाठी झालं नाही. 1006 ते 1028 या काळात इथे बिशप असलेला फुल्बेर हा मोठा शिक्षक होता. युरोपभरातून विद्यार्थी त्याच्याकडे येत. 1020 साली चर्च जळलं तेव्हा त्याने नवं बांधायला घेतलं आणि त्यासाठी मदत पाठवली ती थेट इंग्लंड-डेन्मार्कच्या राजा कॅन्यूटने. फुल्बेरच्या काळातलं भलंमोठं तळघर आजच्या कॅथीड्रलखाली जसंच्या तसं आहे. पुढच्या शतकात बर्नार, तिएरी यांच्यासारख्या अध्यापकांनी ही शाळा आणखी वर नेली. आपण प्राचीन विद्वानांच्या खांद्यांवर बसलेली खुजी माणसं आहोत, म्हणूनच त्यांच्यापेक्षा लांबचं पाहू शकतो, हा न्यूटनच्या नावाने खपणारा विचार मुळात शार्त्रच्या या बर्नारचा; त्याचं श्रेय त्याला देऊन तो नोंदवणारा सॉल्झबरीचा जॉन स्वतः पुढे शार्त्रचाच बिशप झाला. पश्चिमेच्या राजद्वारावर, उजव्या दाराच्या कमानीत, हीच शाळा दगडात कोरलेली आहे. व्याकरण, तर्क, संगीत, भूमिती अशा सात विद्या स्त्रीरूपात आहेत आणि प्रत्येकीखाली एकेक प्राचीन पंडित लिहीत बसला आहे. व्याकरणाच्या हातात चाबूक आहे आणि पायाशी दोन मुलं. चर्चच्या दारावर ग्रीक-रोमन, ख्रिस्तपूर्व पंडितांना जागा देणारं हे मन किती मोकळं असेल!

10 जून 1194. रात्री आग लागली. गावाचा मोठा भाग आणि फुल्बेरने उभारलेलं चर्च जळून गेलं. वाचलं ते तळघर, पश्चिमेची दर्शनी बाजू आणि तिचे मनोरे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या एका चमत्कारसंग्रहात त्या दिवसांचं वर्णन आहे. मेरीचं वस्त्रही जळालं असं समजून लोक खचले. मेरीने गावाची साथ सोडली, आता इथे राहायचं कशाला, अशी भाषा सुरू झाली. त्याच सुमारास पोपचा प्रतिनिधी मेलिओर गावात होता. त्याने लोकांना गोळा केलं, आणि त्या सभेत बिशप व धर्मगुरू वस्त्राची पेटी मिरवत घेऊन आले. काही जणांनी आगीच्या वेळी ती घेऊन तळघरात आसरा घेतला होता. मेरीला याहून भव्य घर हवं आहे म्हणूनच जुनं जळलं, असा अर्थ लावला गेला. बिशप रनो द मूसाँ आणि धर्मगुरूंचं मंडळ यांनी आपल्या उत्पन्नाचा मोठा वाटा तीन वर्षं बांधकामाला द्यायचं ठरवलं.

मंडळाचं उत्पन्न म्हणजे काय होतं, ते इथे समजून घ्यायला हवं. शार्त्रभोवती बोस नावाचं सपाट पठार आहे. फ्रान्सचं गव्हाचं कोठार म्हणतात ते हेच, आणि त्यातली पुष्कळशी जमीन मंडळाची होती. मंडळात सत्तरहून अधिक धर्मगुरू होते. फ्रान्समधल्या सर्वांत धनाढ्य मंडळांत त्याची गणना होई. दुसरं उत्पन्न यात्रेचं. मेरीचे चार सण, फेब्रुवारी, मार्च, ऑगस्ट आणि सप्टेंबरमधले. आणि या चारही सणांना मोठ्या जत्रा भरत. त्या भरत कॅथीड्रलच्या आवारात, म्हणजे मंडळाच्या हद्दीत. तिथे विकलेल्या मालावर शार्त्रच्या काउंटला कर घेता येत नसे. म्हणून व्यापारी आवारातच दुकानं मांडत, मजूर तिथेच काम शोधत उभे राहत, आणि दारू विकणारे तर चक्क कॅथीड्रलच्या आत शिरले होते. शेवटी त्यांना तळघरातली एक जागा नेमून द्यावी लागली. आज आपण ज्या शांततेत मान वर करून काचा पाहतो, त्या जागी तेराव्या शतकात गिऱ्हाइकांची वर्दळ असे.

स्थानिक पैसा पुरेना तेव्हा मंडळाने पवित्र अवशेष बरोबर देऊन माणसं दूरदूर वर्गणीला पाठवली. त्याच चमत्कारसंग्रहात एक गोष्ट येते. फ्रान्समध्ये शिकून लंडनला परत निघालेला एक इंग्रज तरुण होता. त्याच्याजवळ प्रेयसीसाठी घेतलेला सोन्याचा हार होता. वर्गणी मागणाऱ्यांचं प्रवचन ऐकून त्याला राहवलं नाही, आणि देण्यासारखं दुसरं काहीच जवळ नसल्यामुळे त्याने तो हार देऊन टाकला. पुढे चमत्कार घडतो, पण मला त्यातली ही कृतीच जास्त भावते. मंडळाची शेती, राजांची उदारता आणि जत्रेची कमाई यांच्याबरोबरीने असे हारही त्या भिंतींत आहेत.

दगड आला जवळच्या बेर्शेर गावच्या खाणींतून. कठीण, मोठ्या आकारात निघणारा चुनखडीचा दगड. मुख्य काम पंचवीस-सव्वीस वर्षांत उरकलं. 1221 च्या सुरुवातीला धर्मगुरू नव्या गायनस्थानात बसू लागले होते. 130 मीटर लांबी आणि जमिनीपासून छताच्या कमानींपर्यंत साधारण 37 मीटर उंची असलेल्या इमारतीसाठी हा वेग थक्क करणारा आहे. त्यामागे एक धाडसी निर्णय होता. भिंतींचा भार पेलायला बाहेरून दगडी कमानींचे धिरे दिले, आणि त्यांच्या भरवशावर पूर्वीच्या चर्चमध्ये असे तो वरचा सज्जाचा मजला गाळून टाकला. त्यामुळे वरच्या खिडक्या प्रचंड मोठ्या करता आल्या. भिंत कमी, काच जास्त. ही मांडणी पुढे रँस आणि आमियँच्या कॅथीड्रलांनी उचलली. काचेचं एकूण क्षेत्रफळ सुमारे 2,600 चौरस मीटर, आणि त्यातला बहुतांश भाग बाराव्या-तेराव्या शतकांतला अस्सल आहे. सर्वांत जुन्या, आगीतून वाचलेल्या पश्चिमेच्या तीन खिडक्यांमधला निळा रंग कोबाल्टचा. ती काच सोडा घालून केलेली असल्यामुळे हवापाण्याने फारशी झिजली नाही, आणि म्हणून आठशेहून अधिक वर्षांनीही तो निळा तेवढाच स्वच्छ उजळतो.

आता पुन्हा पाववाल्यांकडे. उत्तरेच्या मोठ्या गोल खिडकीवर फ्रान्सची लिलीची फुलं आणि कास्तीलचे किल्ले आहेत, म्हणजे ती कास्तीलहून आलेली फ्रान्सची राणी ब्लांश आणि राजघराण्याची देणगी. दक्षिणेच्या गोल खिडकीवर ब्रिटनीच्या ड्यूक घराण्याची चिन्हं आहेत. मग त्याच न्यायाने पाववाल्यांची खिडकी पाववाल्यांनी दिली, सराफांची सराफांनी, असं एकोणिसाव्या शतकापासून मानलं गेलं. साऱ्या गावाने एकदिलाने उभारलेलं कॅथीड्रल हे चित्र फार लोभस आहे. अडचण अशी की त्या काळी शार्त्रमध्ये खिडक्यांचा खर्च उचलण्याएवढ्या बळकट, स्वतंत्र व्यवसायसंघटना होत्या याचा पुरावा तोकडा आहे. आणि गाव एकदिल तर मुळीच नव्हतं. कॅथीड्रल अर्धंमुर्धं उभं असताना, 1210 साली, गावकऱ्यांच्या जमावाने मंडळाच्या प्रमुखाच्या घरावर हल्ला केला. भांडण होतं हद्दीचं आणि हक्काचं: आवारातल्या माणसांवर सत्ता कुणाची, काउंटची की मंडळाची? प्रकरण राजा फिलिप ऑगस्टपर्यंत गेलं आणि गावाला दंड भरावा लागला. 1253 मध्ये तर मंडळातल्या एका वरिष्ठ धर्मगुरूचा खून झाला. त्यानंतर मंडळाने आपल्या आवाराभोवती तट घातला आणि दरवाजे बसवले. रात्री ते बंद होत.

म्हणून अलीकडच्या काही अभ्यासकांनी उलट वाचन मांडलं. या चौकटी कारागिरांच्या देणगीच्या पावत्या नाहीत. गावाने चर्चला कसं वागावं, आपलं पाव-दारू-नाणं कसं वेदीपर्यंत आणावं, याचं मंडळाने रंगवलेलं आदर्श चित्र आहे, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही टोकं अपुरी वाटतात. पैसे कुणाच्या हातून मोजले गेले हे कदाचित कधीच ठरणार नाही, पण ते आले कुठून हे दिसतं. बोसच्या शेतकऱ्याचा गहू, खालच्या पेठेतल्या कातड्याचं आणि लोकरीचं काम, जत्रेतली देवघेव, सगळं मंडळाच्या तिजोरीतून फिरून दगड आणि काच झालं. मंडळाला काय दाखवायचं होतं ते असो. काच रंगवणारा कारागीर स्वतःही हातांनी पोट भरणारा होता. पीठ मळताना खांद्याला बसणारा हिसका, पावांच्या टोपलीचं ओझं त्याला ठाऊक होतं. ते त्याने मनापासून काढलं आहे.

24 ऑक्टोबर 1260 रोजी कॅथीड्रलचं विधिवत समर्पण झालं. पुढची शतकं भराभर ओलांडता येतात. 1506 मध्ये उत्तरेच्या मनोऱ्याच्या लाकडी कळसावर वीज पडली. जाँ द बोस या स्थपतीने तिथे नक्षीदार दगडी कळस उभारला, म्हणून आज दोन मनोऱ्यांची जोडी विजोड दिसते. दक्षिणेचा बाराव्या शतकातला कळस साधा आणि करकरीत, उत्तरेचा उंच आणि जाळीदार. कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांत 1591 साली चौथ्या हेन्रीने वेढा घालून गाव जिंकलं. राज्याभिषेकाचं परंपरागत स्थान रँस, पण ते विरोधकांच्या ताब्यात. म्हणून 27 फेब्रुवारी 1594 रोजी त्याचा राज्याभिषेक शार्त्रमध्ये झाला. रँसचं पवित्र तेल मिळणं शक्य नव्हतं, तेव्हा तूरजवळच्या एका मठातून दुसरं आणवलं.

काचांवर पहिला मोठा घाव घातला तो शत्रूने नाही, घरच्यांनी. अठराव्या शतकात मंडळाला गॉथिक अंधार नकोसा झाला. गायनस्थानात नवं संगमरवरी शिल्प बसवलं आणि ते नीट दिसावं म्हणून काही जुनी रंगीत काचचित्रं काढून साधी काच लावली. मग आली फ्रेंच राज्यक्रांती. मेरीची जुनी लाकडी मूर्ती 1793 साली जाळली गेली. फरशीवर आखलेल्या सुप्रसिद्ध चक्रव्यूहाच्या मधला धातूचा पत्रा वितळवायला नेला. पवित्र वस्त्राचे तुकडे झाले. त्यातला मोठा तुकडा आज पुन्हा कॅथीड्रलमध्ये आहे. 4 जून 1836 रोजी छतावर काम करणाऱ्यांच्या हयगयीने आग लागली आणि लाकडी छपराच्या तुळयांचं सारं ‘जंगल’ खाक झालं. खालच्या दगडी कमानी टिकल्या, म्हणून काचा वाचल्या. नवं छप्पर केलं ते ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर तांब्याचा पत्रा ठोकून. 1830च्या दशकात हा निर्णय अगदी आधुनिक होता. पॅरिसच्या नोत्र दामचं लाकडी छप्पर 2019 साली जळताना जगाने पाहिलं, तेव्हा ज्यांना शार्त्र ठाऊक होतं त्यांना 1836 आठवलं असणार.

विसाव्या शतकात मात्र या गावाने काचा जपण्यासाठी जे केलं त्याला तोड नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी त्या उतरवल्या होत्याच. 1939 मध्ये युद्धाची चिन्हं दिसताच आधी ठरवलेल्या योजनेप्रमाणे पुन्हा एकेक चौकट सोडवली, क्रमांक घालून पेट्यांत भरली. पेट्या आधी तळघरात ठेवल्या, मग दूर नैऋत्येला दोर्दोन्यमधल्या एका जुन्या दगडखाणीत हलवल्या. त्या लढाई संपेपर्यंत तिथेच राहिल्या.

जून 1940 मध्ये जर्मन सैन्य गावात शिरलं तेव्हा बहुतेक रहिवासी पळून गेले होते. जिल्ह्याचा प्रशासक जाँ मूलँ मागे राहिला होता. 17 जूनला जर्मन अधिकाऱ्यांनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. फ्रेंच सैन्यातल्या सेनेगाली शिपायांनी बायका-मुलांवर अत्याचार करून त्यांना मारलं, असं त्यात लिहिलेलं. ती माणसं बॉम्बहल्ल्यात मेली होती. मूलँने सही नाकारली. त्याला तासन्‌तास मारलं आणि रात्री एका सेनेगाली शिपायाबरोबर कोंडून ठेवलं. उद्या आपण मोडू, सही करू, या भीतीने त्याने फुटक्या काचेने स्वतःचा गळा चिरला. तो वाचला. पुढे फ्रान्सच्या विखुरलेल्या प्रतिकार गटांना एकत्र आणण्याचं काम त्यानेच केलं आणि 1943 मध्ये जर्मनांच्या छळानंतर त्याचा मृत्यू झाला. आफ्रिकेतल्या अनोळखी शिपायांवर खोटा डाग लागू नये म्हणून एक फ्रेंच अधिकारी मरायला निघाला, ही घटना शार्त्रच्या इतिहासात कॅथीड्रलच्या बरोबरीने सांगितली पाहिजे.

26 मे 1944 रोजी मित्रराष्ट्रांच्या विमानांनी टाकलेल्या बॉम्बने नगर ग्रंथालय जळालं. शार्त्रच्या जुन्या शाळेतल्या तिएरीने स्वतः संकलित केलेला सात विद्यांचा महाग्रंथ आठशे वर्षं गावात होता, तो त्या आगीत गेला. त्याची छायाचित्रं आधी घेतलेली होती, म्हणून मजकूर तेवढा उरला. काचा हलवल्या तशी ग्रंथालयातली हस्तलिखितंही कायमची दूर ठेवायला हवी होती, असं वाटून आजही हळहळ होते. त्याच वर्षी 16 ऑगस्टला अमेरिकी फौजा गावाशी पोचल्या. मनोऱ्यांत जर्मन निरीक्षक लपले आहेत या संशयावरून कॅथीड्रलवर तोफा डागण्याचा हुकूम होता. कर्नल वेलबोर्न ग्रिफिथ या अधिकाऱ्याने स्वतः आत जाऊन पाहणी केली. आत कुणीही नाही हे कळवल्यावर हुकूम मागे घेतला गेला. त्याच दिवशी शेजारच्या लेव्ह गावात लढताना ग्रिफिथ मारला गेला.

1979 मध्ये कॅथीड्रल जागतिक वारसा यादीत आलं. 2009 पासून आतल्या भिंतींची मोठी सफाई सुरू झाली आणि त्यावरून कडाक्याचा वाद पेटला. काजळी काढल्यावर खाली तेराव्या शतकातला फिकट पिवळसर गिलावा आणि त्यावर पांढऱ्या रेषांनी रंगवलेले खोटे दगडी सांधे सापडले. म्हणजे मूळची इमारत उजळ होती. आपण ज्या गूढ काळोखावर प्रेम केलं तो मेणबत्त्यांच्या आणि आगींच्या धुराचा होता. भिंतींच्या बाबतीत मी सफाई करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पण खांबावरच्या मेरीची मूर्ती, जी पिढ्यान्‌पिढ्या काळी म्हणूनच पुजली गेली, तिलाही गोरी करून टाकलं, ते मला पटत नाही. लोकांनी ज्या चेहऱ्यासमोर नवस बोलले तो चेहराही इतिहासाचाच भाग असतो.

शार्त्रला जाणाऱ्याने आणखी एक घर पाहावं. रेमाँ इसिदोर हा तिथल्या कब्रस्तानात झाडलोट करणारा माणूस, जन्म 1900 चा. 1930च्या दशकाच्या शेवटी त्याने टाकून दिलेल्या कपबश्यांचे आणि काचेचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली आणि ते आपल्या छोट्या घरावर जडवले. भिंती, फरशी, बाग, टेबल, शिवणयंत्र, काही सोडलं नाही. शेजारी हसत. त्या जडावात त्याने कॅथीड्रलही काढलं आहे, पुन्हा पुन्हा. 1964 मध्ये तो गेला. पुढे नगरपालिकेने घर विकत घेतलं, सरकारने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला, आणि आता ते तिकीट काढून पाहता येतं.